हंडे रिकामे होते

माणूस खरोखर गेला आहे अशी खात्री पटल्याशिवाय आमचे संपादक श्रद्धांजली छापत नसत, आणि खात्री पटायला त्यांना स्वतः मयताच्या घरी जाऊन यावं लागे. ओट्यावर चपला काढायच्या, आत भिंतीला टेकून पाच मिनिटं बसायचं, इकडेतिकडे बघायचं आणि उठायचं. घरच्यांना वाटायचं, एवढा मोठा माणूस सांत्वनाला आला. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. रस्त्याला लागल्यावर हळूच म्हणाले, "मुलाने डोकं भादरलंय. लिही आता."

याला कारण होतं. उमेदीच्या काळात ते एका मोठ्या दैनिकाचे तालुका वार्ताहर होते. तेव्हा फोनवरून आलेल्या निरोपावर विसंबून त्यांनी एका निवृत्त हेडमास्तरांच्या निधनाची बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर पेपरची घडी घेऊन दारात उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. माझं वय दोन वर्षांनी जास्त छापलंय, तेवढं दुरुस्त करून घ्या म्हणाले आणि निघून गेले.

ते कात्रण पुढे त्यांच्या स्वतःच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात भिंतीवर अगदी वर, कोपऱ्यात चिकटवलेलं होतं. त्याच्याखाली बाकीची. त्यांच्या हातून झालेली प्रत्येक चूक त्या भिंतीवर होती. लोक आपल्या ऑफिसात पुरस्कार लावतात, यांच्याकडे पाहुणा आला की त्याला खुर्चीवरून समोर त्या चुकाच दिसायच्या. आणि नियम असा, की ज्या पानावर, जेवढ्या टायपात चूक झाली, त्याच पानावर तेवढ्याच टायपात खुलासा. एकदा नदीवरचा पूल मंजूर झाल्याची बातमी आम्ही आठ कॉलमांत दिली. पूल मंजूर झालेला नव्हता, नुसता अर्ज गेला होता. पुढच्या अंकाचा मथळा आठ कॉलमांत होता, 'पूल मंजूर झालेला नाही'. ज्या पुढाऱ्याने पेढे वाटले होते त्याने वर्षभर आमच्याकडे बघणं सोडलं.

कर्जतमध्ये दहिवलीच्या बाजूला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांच्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं. चार पानं, दर शुक्रवारी. खाली गिरणी चालू झाली की वरचं टेबल थरथरायचं आणि टेबलावर ठेवलेल्या कागदांवर पिठाची बारीक साय धरायची. गावात सगळे त्यांना 'संपादक' म्हणत, मी 'काका' म्हणायचे, कारण माझे वडील आणि ते शाळेत एका वर्गात होते. कॉलेज संपल्यावर मी तिथे लागले आणि शेवटपर्यंत राहिले. शेवट म्हणजे त्या पेपरचा.

मोठ्या दैनिकाची वार्ताहरकी त्यांनी का सोडली हे ते एका वाक्यात सांगत. वरून निरोप आला की पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती वार्ताहरानेच आणायच्या, आणि त्यांना वाटलं, ज्याच्याकडे आज जाहिरात मागायची त्याच्याविरुद्ध उद्या लिहायला हात कसा उचलेल. त्यावर ते कधी भाषण करत नसत.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंद्याने लावलेली सवय, हे मला कळलं नाही. पत्रकार परिषदेला ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जात आणि दुसऱ्याच्या चहाला हात लावत नसत. आलेलं प्रसिद्धीपत्रक खालून वर वाचत. खरी गोष्ट शेवटच्या ओळीत दडपलेली असते, असं त्यांचं म्हणणं. सभेला गेले तर व्यासपीठाकडे पाठ करून लोकांकडे बघत बसत, आणि सभा देवळात असली तर बाहेरच्या चपला मोजून घेत. हजारोंचा समुदाय, असं आमच्या पेपरात कधी आलं नाही. 'एकशे दहा जोड' असं मात्र एकदा आलं होतं.

बातमी घेऊन कोणीही आलं की एकच प्रश्न. तू पाहिलंस? नाही, मला अमक्याने सांगितलं, असं उत्तर आलं की मग त्या अमक्याने पाहिलं का. असं मागे मागे जात ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापर्यंत जायचं. बऱ्याचदा असा माणूसच नसायचा.

मलाही त्यांनी सोडलं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एक बातमी विश्वासाने सांगितली आणि कुठे बोलू नकोस म्हणाले. वर्षभराने कळलं की ती बातमी बनावट होती. मला कोणी त्यांच्याकडे पेरलंय का, हे बघायला दिलेली. मित्राच्या मुलीवर एवढा अविश्वास, म्हणून मी दोन दिवस ऑफिसात गेले नाही. पण खरं सांगायचं तर तोवर मीही तशीच झाले होते. मला बघायला आलेल्या मुलाच्या कंपनीत मी फोन करून तो तिथे खरंच कामाला आहे का, हे विचारलं होतं. तो होता. त्याला ते कळलं आणि लग्न मोडलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, फोन कंपनीच्या बोर्डावरच्या नंबरला केलास की त्याने दिलेल्या?

एका पावसाळ्यात भर दुपारी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. धरणाची भिंत फुटतेय, पाणी लोंढ्याने खाली येतंय, आणि वर लिहिलेलं, पळसदरी धरण फुटलं, सावध राहा. तासाभरात खालच्या वस्तीतले लोक गाद्या, गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन रस्त्यावर आले. तालुक्यातल्या दोन यूट्यूब चॅनेलवाल्यांनी तोच व्हिडिओ लाल पट्टी लावून फिरवला. आमचा पेपर शुक्रवारचा, त्या दिवशी सोमवार. आम्हाला कोणी विचारत नव्हतं. तरी काका छत्री घेऊन निघाले. मी मागे बसले स्कूटरवर. धरणाकडे जाणारे आम्ही दोघंच होतो, बाकी सगळे उलट दिशेने. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. भिंत आपल्या जागी होती. काका तिच्यावर चढले, छत्री मिटली आणि घड्याळात बघितलं. परत येऊन लोकांना त्यांनी धीर वगैरे दिला नाही. चौकात उभे राहून सांगितलं, "दोन वाजून दहा मिनिटांनी मी भिंतीवर उभा होतो. भिंत होती." एवढंच. पुढच्या क्षणी ती फुटणार नाही, याची हमी त्यांनी घेतली नाही. पण लोक घरी गेले. तो माणूस धीर द्यायला म्हणून काही बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता कळंबची गोष्ट.

कळंबच्या वर डोंगराच्या पायथ्याला एक कातकरी वाडी आहे. पंचवीसेक घरं असतील. तिथल्या बायका वर्षानुवर्षं एका झऱ्याचं पाणी भरायच्या. खाली एक मोठं रिसॉर्ट झालं, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागणारं. त्याचं नाव घेत नाही. एके दिवशी वाडीतली ताराबाई ऑफिसात आली. चाळिशीची, अंगाने काटक, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिचं म्हणणं, रिसॉर्टवाल्यांनी झऱ्यावर मोटर बसवलीय, पाइप खाली नेलाय आणि आम्हाला अर्ध्या तासावरच्या ओढ्याला जावं लागतं.

काकांनी तिची अशी काही उलटतपासणी घेतली की मलाच लाज वाटली. तुला कोणी पाठवलं? शेजारच्या रिसॉर्टवाल्याने? मोटर तू चालू असताना पाहिलीस का नुसती बसवलेली? किती वाजता? बाई उभीच होती, तिला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मी पानी भरते. मला कोन पाठवनार? हांडा पाठवतो." आणि जिना उतरून गेली.

मी दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन मोटर बघून आले. काकांनी कळंबच्या त्या जमिनीचे सातबाराचे उतारे काढून आणले, झरा कोणाच्या हद्दीत येतो ते बघायला. ते छापायच्या तयारीत असतानाच रिसॉर्टचं प्रसिद्धीपत्रक आलं. आदिवासी भगिनींच्या डोक्यावरचा भार हलका, वाडीला पाण्याची टाकी भेट. सोबत फोटो. नवी काळी टाकी, रिसॉर्टचा मॅनेजर हात जोडून, आणि डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या सात-आठ बायका कॅमेऱ्याकडे वळून हसतायत. त्यात ताराबाई होती. संध्याकाळपर्यंत तो मजकूर शब्दही न बदलता सगळीकडे आला. पोर्टलांवर, ग्रुपांवर, अगदी काकांच्या जुन्या दैनिकातसुद्धा.

काकांनी आमची बातमी काढून ठेवली. बाई विकली गेली, म्हणाले. मला ते पटत नव्हतं. पण फोटो होता.

तो फोटो मोठा करून ते घरी घेऊन गेले आणि दोन दिवस भिंग लावून बघत बसले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. शांत बाई, नवऱ्याच्या पेपरात आयुष्यभर नाक न खुपसलेली. मी घरी गेले होते तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वाकडी करून एकदा फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकीच्याही डोक्यावर चुंबळ नाही. भरलेला हंडा असा कोण घेतं?"

चुंबळ म्हणजे हंड्याखाली डोक्यावर ठेवायचं फडक्याचं वेटोळं. काकांनी भिंग लावलं. खरंच नव्हती. पण बायकोने सांगितलं म्हणून मानतील तर ते काका कसले. त्यांनी मागच्या अंगणात दोन हंडे काठोकाठ भरले, एकावर एक रचून ते चुंबळीशिवाय माझ्या डोक्यावर ठेवले आणि मान वळवून हस म्हणाले. मी मान वळवली. वरचा हंडा खाली आला, मी नखशिखांत भिजले आणि शेजारच्या बाई कुंपणावरून बघत राहिल्या. काका कागदावर लिहीत होते.

मग त्यांनी मला परत वाडीवर पाठवलं. ताराबाईने मला बघून तोंड फिरवलं, पण नंतर बोलली. टाकी टेंपोतून आली होती. बायकांना रांगेत उभं केलं, हसा म्हणाले, फोटो झाला आणि टाकी त्याच टेंपोतून परत गेली. तुम्ही उभ्या का राहिलात, असं मी विचारलं. "टाकी मिळनार म्हनून हसलो आमी. ती परत नेतील ह्ये काय म्हाईत," ती म्हणाली. टाकी जिथे ठेवली होती ती जागा काकांनी मला दोन वेळा जाऊन बघायला लावली. जमिनीवर गोल उमटला होता आणि त्याच्यात गवत पुन्हा उभं राहायला लागलं होतं. मॅनेजरचं म्हणणं घ्यायला मी गेले. तो म्हणाला, टाकी दुरुस्तीला नेलीय. तेही जसंच्या तसं छापलं. मथळा काकांनी दिला, 'हंडे रिकामे होते'.

अंक गाजला. सरकारी पाहणी झाली आणि पंधरा दिवसांत झऱ्यावरची मोटर निघाली. काका खूश झाले का, ते सांगता यायचं नाही. मोटर निघाल्याचं मी फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, तू पाहिलीस निघताना?

त्यानंतर महिन्याभराने ती क्लिप आली.

सव्वा मिनिटाची, आवाजाची. फोनवरचं बोलणं. एका बाजूला काका. दुसऱ्या बाजूच्या माणसाचा आवाज पुसट केलेला. काका म्हणतायत, "तुम्ही काळजी करू नका साहेब, बातमी माझ्याच हातात आहे. कळंबला तो दोन गुंठ्यांचा तुकडा आहे ना, त्याचं जरा मनावर घ्या. बाकी आपलं घरचंच आहे." मध्येच त्यांचा तो कोरडा खोकला. तो खोकला मी चार वर्षं रोज ऐकलेला.

सकाळी आठला मला पहिल्यांदा आली, दहापर्यंत सतरा जणांनी पाठवली. पाठवणाऱ्यांत असे लोक होते ज्यांच्या घरच्या मयताला काका जाऊन बसले होते. कोणी काही लिहिलं नव्हतं, नुसती पुढे सरकवलेली. एकाने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

आणि मी? मी क्लिप ऐकली आणि मला त्यांचा खण आठवला, ज्यात कळंबच्या जमिनीचे उतारे होते. बातमीसाठीच आणले होते, माझ्यादेखत. तरी आठवले. मोटर निघाली, पण टाकीचं पुढे काही झालं नाही, आणि काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही, तेही आठवलं. एकदा संशयाला जागा दिली की तो स्वतःच सामान आणून मांडतो. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात एक पुरी बातमी तयार होती.

मी माडीवर गेले. खाली गिरणी बंद होती. काका खुर्चीत बसले होते, समोर फोन. मी उभ्या उभ्याच विचारलं, "काका, हा आवाज तुमचा आहे?"

त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "आवाज माझाच आहे."

मी थांबले. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. मी असं बोललो नाही, एवढे चार शब्द. ते आले नाहीत. त्यांनी समोरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "विचारलंस हे बरं केलंस. बाकी कोणी विचारलं नाही. आता ही बातमी तू कर."

मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते करत. संपादकावर आरोप आहे, म्हणजे तालुक्यात या आठवड्याची हीच मोठी बातमी आहे, आणि मी स्वतः खुलासा लिहिला तर त्याला कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला खणाची किल्ली दिली, फोन दिला, आणि एकच अट घातली, घरच्यांना विचारायचं नाही. घरची साक्ष धरता येत नाही.

चार दिवस मी फिरले. त्यांच्या फोनवर कुठलाही संशयास्पद नंबर नव्हता, पण फोनवरचं पुसता येतं. कळंबला त्यांच्या नावावर काही नव्हतं, पण दुसऱ्याच्या नावावर घेता येतं. असं प्रत्येक गोष्टीचं होत गेलं. मॅनेजर गोड हसून म्हणाला, तुम्ही क्लिप ऐकलीत, आता आम्ही वेगळं काय बोलणार. क्लिप पहिल्यांदा कोणी टाकली, हे शोधत मी मागे मागे गेले. अकराव्या माणसापाशी धागा तुटला, तो नंबरच बंद होता.

शेवटी वाडीवर गेले. ताराबाईच्या भाच्याच्या मोबाइलवर क्लिप आधीच पोचली होती. ती दारात बसून कुडाची काठी सोलत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं. तिने क्लिप पुन्हा लावायला सांगितली, कान देऊन ऐकली आणि काठी खाली ठेवली.

"ह्यो त्यो नाय," ती म्हणाली. "त्यो मानूस एवढं ग्वाड कधी बोलला का कुनाशी? मला बस नाय म्हनला त्यो."

मी उतरताना मोठ्याने हसत होते आणि रडतही होते. चार दिवसांत मिळालेली ही पहिली गोष्ट होती जिच्यात मला खरेपणाचा वास आला.

मी बातमी लिहिली. आरोप काय, मॅनेजर काय म्हणतो, कागदपत्रं काय सांगतात, क्लिपचा माग कुठे तुटला. ताराबाईचं वाक्य लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, 'हा आवाज खरा की बनावट, हे आम्हाला सिद्ध करता आलेलं नाही.' हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण चार वर्षं त्या भिंतीसमोर बसल्यावर दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

काकांनी मजकूर खालून वर वाचला. शेवटच्या वाक्याला हात लावला नाही. मग लाल पेन घेतलं आणि ताराबाईचं वाक्य काढून टाकलं.

मी भांडले. सबंध बातमीत तुमच्या बाजूचं तेवढं एक वाक्य आहे, म्हणाले. ते म्हणाले, "ते तिचं मत आहे. तिने पाहिलेलं नाही." मी म्हणाले, तिने ऐकलंय, तुमच्याशी समोरासमोर बोललीय. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

बातमी पहिल्या पानावर गेली. दुसऱ्या दिवशी एका पोर्टलने मथळा दिला, संपादकाच्या पेपरनेच दिली कबुली. आतला मजकूर कोणी वाचला नसावा. अंक परत यायला लागले. टपरीवाल्यांनी गठ्ठे सोडले सुद्धा नाहीत. वाईट असं तोंडावर कोणी बोलत नव्हतं. फक्त काका चौकातून जाताना लोक बोलणं थांबवायचे, आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करायचे. त्या दिवाळीनंतर पेपर बंद झाला. काका-काकू मुलीकडे खालापूरला राहायला गेले. माडी रिकामी करताना भिंतीवरची कात्रणं निघेनात, गिरणीवाल्याने वरून चुना मारला.

मी पनवेलला एका न्यूज पोर्टलमध्ये लागले. तिथे दिवसाला वीस बातम्या खुर्चीतून न उठता कराव्या लागतात. तू पाहिलंस का, हा प्रश्न तिथे विचारला तर लोकांना तो विनोद वाटतो. काकांना मी दोन वर्षांत दोनदा भेटले. दोन्ही वेळा क्लिपचा विषय निघाला नाही. माझ्या मनातला कण गेला नव्हता, हे मी कोणाला सांगितलं नाही. आवाज माझाच आहे, असं ते का म्हणाले? निर्दोष माणूस असं बोलतो का?

मग आमच्याकडे एक नवी मुलगी कामाला आली, मजकुराला आवाज जोडण्याच्या कामाला. महिनाभराने ती मला कॅन्टीनमध्ये गाठून म्हणाली, तुम्ही कर्जतच्या ना? ती आधी त्या रिसॉर्टमध्ये होती, जाहिरातींचे व्हिडिओ करायला. तिला मॅनेजरने एका शाळेच्या स्नेहसंमेलनातलं काकांचं भाषण दिलं होतं, यूट्यूबवरून उतरवलेलं, आणि आवाज शिकून घेणाऱ्या ॲपमध्ये ते घालून काही वाक्यं करून मागितली होती. गंमत करायचीय, असं तिला सांगितलं होतं. तिने केली. नंतर काय झालं ते कळल्यावर तिने नोकरी सोडली, पण बोलायची हिंमत झाली नाही. तिच्याकडे कच्च्या फाइली अजून होत्या. तारखांसकट, तीन.

पहिल्या फाइलीत ॲपला 'ळ' जमला नव्हता. काकांचा आवाज, काकांचा खोकला, आणि ते म्हणतायत, "कलंबला तो तुकडा आहे ना." दुसऱ्यांदा जरा बरं. तिसरी म्हणजे गावभर फिरली ती.

माझ्या वरिष्ठांना मी ती बातमी दिली. ते म्हणाले, जुनं प्रकरण आहे, आता कोणाला त्याचं काय. त्या रिसॉर्टची जाहिरात आमच्या पानावर उजव्या हाताला लुकलुकत होती. त्या मुलीचं लेखी म्हणणं आणि फाइली घेऊन मी रजा टाकली आणि खालापूरला गेले.

काका ओसरीत खुर्चीवर होते. बारीक झाले होते, पण पेपर खालूनच वाचत होते. मी तिन्ही फाइली ऐकवल्या. मग प्रश्न सुरू झाले. ही मुलगी कोण? तिने स्वतः केलं की करताना पाहिलं? तारखा ती सांगतेय की फाइलीवर आहेत? तिला आता कोणाकडून काही मिळणार आहे का? मी एकेकाचं उत्तर दिलं. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी केली, उलगडून परत वाचला.

"म्हणजे मी बोललो नव्हतो," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, ते मला सुनावतायत. पण त्यांनी तिसरी फाइल पुन्हा लावायला सांगितली.

"पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो," ते म्हणाले. "दहाव्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, असेल. कधीतरी, कोणाला तरी टाळायला बोललो असेन गोड. आवाज माझाच होता ना. नाही म्हणायला मला खात्री नव्हती."

दोन वर्षं मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते माझ्याच बाजूला बसले होते.

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "हे तुमचं बोलणं नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. चष्मा काढून हातात घेतला.

"हो," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस."

मग ते बाजूला सरकले, दुसरी खुर्ची ओढली आणि मला बस म्हणाले.